तळखार स्टेशनचं पाणी

तळखार, नवी मुंबई
२८ मार्च २०२४

श्यामसुंदर खांबेटे साहेबांना देवजीचा नमस्कार.

ओळखलंत का? तुळशीराम घरतांचा मुलगा. तुमी आमच्या गावात जमिनीखालचं स्टेशन बांधायला आलात, तवा मी तुमची टेप धरून पुढं चालायचो. आमची खारजमीन स्टेशनात गेली आनि बदल्यात मला पंपावरची नोकरी मिळाली. अजून तीच करतो. येत्या डिसेंबरात रिटायर होनार. तुमचा पत्ता ऑफिसातल्या जुन्या शिपायानं दिला. तो म्हनाला, साहेब दापोलीला असतात, कानानं ऐकू येत नाय, फोनचा उपयोग नाय, पत्र टाक. म्हनून हे पत्र. लिवनं सांभाळून घ्या, दहावीनंतर पेन फक्त पाळीच्या रजिस्टरपुरता हातात घेतला.

साहेब, आपलं स्टेशन म्हातारं झालं. तीस वर्सं पुरी झाली नाय, पन पार गळून गेलंय. तुमी निवडलेल्या पिवळ्या फरशा पायऱ्यांवरनं एकेक निघाल्या. सरकता जिना सात वर्सं बंद हाय, लोक त्याच्यावरनं चालत उतरतात. भिंतींना मीठ फुटतं, कापसासारखं. झाडूवाल्या बाया पुसून काढतात, चार दिवसांत परत येतं. सबवेच्या छताला ठिकठिकानी पत्र्याच्या पन्हळी लावल्यात, त्यातलं पानी बादल्यांत पडतं. गाडी आली की बादल्यांतलं पानी थरथरतं. सहा पंपांतले तीन चालतात. मी आनि माझा जोडीदार पोपट, दोघं पाळीपाळीनं त्यांना चालतं ठेवतो. वरच्या मजल्यावर ऑफिसं होनार होती ना, तिथं कबुतरं राहतात.

पन एक सांगतो. मे महिन्यात बाहेर अंग भाजत असताना खाली उतरलं की अजून गार वाटतं. कॉलेजची पोरं पुस्तकं घेऊन बाकांवर बसतात. म्हातारे कोतारे पेपर वाचतात, त्यांना गाडी पकडायची नसते. हे स्टेशन वाईट नाय साहेब. त्याची कोनी दवा केली नाय एवढंच.

आता कामाचं. पूर्वेच्या जिन्याशी सबवेत गळती वाढली हाय. दिवाळीत छताची हातभर खपली पडली. आतल्या सळ्या दिसतात, गंजून फुगलेल्या. तपासनारे लोक आले. ते म्हनाले, वर नळाची लाइन फुटली असंल, प्लॅस्टर करा, रंग मारा. मी ते पानी जिभेवर घेतलं. खारं हाय. आनि पौर्निमा-अमावश्येला वाढतं. परवा होळीला पंपांच्या हौदात वीतभर जास्त चढलं. नळाच्या लाइनला कुठं भरती असते? मी हे बोललो तर हसले. म्हनाले, "घरत, तुम्ही पंप बघा."

तुमाला आठवत असंल, तिथंच आमची उघाडी होती. बांधातलं लाकडी दार. भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं, म्हंजे खारं पानी शेतात घुसत नाय. बाबांचं सगळं आयुष्य त्या दारावर गेलं. खाडीचा फाटा कुठनं येतो ते त्यांनी तुमाला दाखवलं होतं, तुमी वहीत उतरवून घेतलं होतं. मी बाजूलाच उभा होतो. तुमी म्हनालात, "तुळशीराम, इथं खालून काँक्रीटचा नाला काढू आणि पाणी खाडीत सोडू."

आता ऑफिसात जुने नकाशे सापडत नाय. तुमी दोन ओळी लिवून दिल्यात की इथं खाडीचा फाटा होता, तर ते भिंत उघडून बघतील. माझं कोन ऐकतो? तुमी बांधलंय.

बायको शालन त्याच जिन्याच्या पायथ्याशी सुकट-बोंबील विकायला बसायची. खपली पडली तवापासून घाबरली. वर फुटपाथवर उन्हात बसते, घरी आली की डोकं धरून पडते. मुलगी भाविका रबाळ्याला कंपनीत हाय. बाबा नऊ वर्सांपूर्वी गेले. शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे.

आपला,
देवजी


दापोली
११ एप्रिल २०२४

प्रिय देवजी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. इतक्या वर्षांनी मला कुणी 'साहेब' म्हणून हाक मारली. इथे मी आशुतोषचे बाबा, नाहीतर 'ते बहिरे आजोबा'. आशुतोष म्हणजे माझा मुलगा, त्याच्याकडेच राहतो. पत्नीला जाऊन चार वर्षं झाली. कान तिच्या आधीच गेले.

तुळशीराम गेले हे वाचून वाईट वाटलं. पहिल्या दिवशी मी बूट घालून तुमच्या खाचरात उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो, तेव्हा त्यांनी मला बगलेत धरून बाहेर काढलं होतं. नंतर घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि जवळा वाढला. मी ब्राह्मणाच्या घरचा, घरी सांगायची सोय नव्हती. पण ते जेवण मी विसरलो नाही. चिखलात कसं चालायचं ते मला त्यांनी शिकवलं. कॉलेजात ते शिकवत नाहीत.

स्टेशनचं तू लिहिलंस त्यानं फार वाईट वाटलं. पिवळी फरशी मीच आग्रहानं निवडली होती, खाली उजेड कमी म्हणून.

नाल्याविषयी विचारलंस. नाला नकाशात होता आणि त्या जागी आवश्यक ती व्यवस्था करण्यात आली होती. माझ्याकडे आता कुठलेच कागद नाहीत, घर बदललं तेव्हा सगळं रद्दीत गेलं. कागदाशिवाय मी काही लिहून देणं योग्य होणार नाही. तू समजून घेशील.

मात्र स्लॅबविषयी निश्चिंत राहा. तो माझ्या डोळ्यांदेखत ओतलेला आहे. खपली पडते ती वरच्या प्लॅस्टरची. स्लॅब मजबूत आहे. शालनला सांग, साहेबांनी लिहिलंय, उगाच उन्हात बसू नकोस.

तुझा,
श्यामसुंदर खांबेटे


तळखार
२ मे २०२४

साहेबांना नमस्कार.

पत्र आलं तवा घरात सगळी होती. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांचं आलं तवा पत्र भाविकाकडं दिलं, मग तिनं पुढचं वाचलं. शेवट मी परत माझ्याकडं घेतला. शालन म्हनाली, "एवढ्या मोठ्या इंजिनिअरनं माजं नाव घालून लिवलंय!" तिनं लगेच तुमच्यासाठी सोडे आनि जवळा निवडून ठेवला. पार्सल केलंय. सुनबाई घरात शिजवू देतील ना? नाय तर आशुतोषला सांगा, मागच्या पडवीत चूल मांडायला.

नाला झालाय हे वाचून माझं टेन्शन निम्मं गेलं. मला उगाच वाटत होतं की तो झालाच नाय. पन एक कोडं सुटत नाय. नाला असंल तर त्याचं तोंड खाडीकडं कुठं तरी उघडत असनार. मागच्या तीन रविवारी ओहोटी बघून मी आनि पोपट खारफुटीत उतरलो. गुडघाभर चिखलातनं सगळा काठ चाललो. तोंड दिसलं नाय. भरावाखाली बुजलं असंल तर तेवढंच मोकळं केलं की आतलं पानी उतरंल, भिंत पन उघडायला नको. तुमी फक्त दिशा सांगा. उत्तरेला का पूर्वेला? बाकी मी बघून घेतो. पावसाच्या आधी झालं तर बरं. चैत्री पौर्निमेला हौदात परत वीतभर चढलं.

कागद नसला तरी चालंल. तुमच्या डोक्यात असंल तेवढं पुरे.

आपला,
देवजी


दापोली
२२ मे २०२४

प्रिय देवजी,

पार्सल मिळालं. आशुतोषनं नाक मुरडलं, पण सूनबाईनं नेटवर कृती बघून सोड्यांची खिचडी केली. शालनला माझे आशीर्वाद सांग.

नाल्याच्या तोंडाचं नक्की आठवत नाही. पूर्वेला असावं. भराव पुष्कळ झाला, आता ते सापडणं अवघड. वयानं माझी स्मृती दगा देते, तू मला फार प्रश्न विचारू नकोस.

एक वडीलकीच्या नात्यानं सांगतो. तुझ्या निवृत्तीला सातच महिने उरलेत. या भानगडीत पडू नकोस. वरच्यांना त्यांच्या पद्धतीनं काम करू दे. आशुतोषलाही मी असा पत्रव्यवहार करणं पसंत नाही. तेव्हा पत्राला उशीर झाला तर राग मानू नकोस.

श्यामसुंदर खांबेटे


दापोली
२५ जुलै २०२४

प्रिय देवजी,

आजच्या पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आहे. तळखार स्टेशनच्या सबवेत छताचा भाग कोसळला, एक महिला ठार, दोघे जखमी. नाव दिलेलं नाही. पंप बंद असल्यानं पाण्याचा दाब वाढल्याचा संशय, पंपचालकाची चौकशी होणार, असंही आहे.

तू बरा आहेस ना? घरची मंडळी? लगेच दोन ओळी टाक.

श्यामसुंदर


दापोली
१४ ऑगस्ट २०२४

देवजी,

उत्तर नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघतो आहे. आशुतोषला फोन लावायला सांगितला, तो म्हणतो नंबर कुठे आहे. पार्सलवर एक नंबर होता, तो खोका फेकून दिला गेला.

कुणीतरी लिहा. फक्त सगळे ठीक आहेत एवढं लिहा.

श्यामसुंदर


तळखार
१ सप्टेंबर २०२४

नमस्कार काका,

मी भाविका, देवजी घरतांची मुलगी. तुमची दोन्ही पत्रं आली होती. पप्पांनी उघडली नाहीत, टीव्हीच्या मागे ठेवून दिली. आज मी उघडली. त्यांना माहीत नाही.

पेपरमधली ती बाई माझी आई होती.

२२ जुलै, सोमवार. गुरुपौर्णिमेचा दुसरा दिवस. सकाळपासून पाऊस आणि दुपारी एकच्या आसपास मोठी भरती. त्याच वेळेला स्टेशनची लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही. पंप पंचवीस मिनिटं बंद होते. पप्पा पंपरूममध्ये जनरेटरशी झटत होते. पूर्वेच्या जिन्याखाली छताचा तुकडा पडला, एका मोठ्या पलंगाएवढा. पप्पांना आवाज आला. पोपटकाका सांगतात, ते एकदाच "शालन" म्हणून ओरडले आणि नंतर हातानं काँक्रीट उचलत राहिले. दोन बोटांची नखं गेली. लोकांनी ओढून बाजूला केलं.

मी रबाळ्याला कामावर होते. लंच टाइममध्ये ऑफिसच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, 'तळखार स्टेशनची हालत बघा'. मी तो बघितला, 'अरे बापरे' असं टाकलं आणि एका मैत्रिणीला फॉरवर्ड केला. त्यात कोपऱ्यात टोपली दिसत होती. ती आईची आहे हे मला कळलं नाही. वीस मिनिटांनी पोपटकाकांचा फोन आला. तो व्हिडिओ मी अजून डिलीट केलेला नाही. का ते मला सांगता येत नाही.

आता सगळं पप्पांवर आलंय. पंप बंद म्हणून पाणी चढलं आणि छत पडलं, असा रिपोर्ट तयार होतोय. पप्पा सस्पेंड आहेत. पहिल्या चौकशीला गेले आणि "हो, पंप बंद होते" एवढंच सांगून परत आले. खाऱ्या पाण्याचं, उघाडीचं, काहीच बोलले नाहीत. घरातही बोलत नाहीत. मी ओरडले, रडले. ते म्हणतात, "झालं ते झालं, त्यांना काय लिवायचं ते लिवू दे."

काका, मला एक विचारायचंय. एप्रिलमधलं तुमचं पत्र पप्पांनी आम्हाला वाचून दाखवलं तेव्हा मी तिथेच होते. स्लॅब मजबूत आहे, शालनला सांग उन्हात बसू नकोस, असं तुम्ही लिहिलं होतं. आई दुसऱ्या दिवसापासून परत आत बसायला लागली. शेजारच्या भाजीवालीलाही तिनंच बोलावून घेतलं, "साहेबांचं पत्र आलंय" म्हणून. ती भाजीवाली वाचली, तिचा पाय मोडला.

मी तुम्हाला दोष देत नाहीये. हे तुम्हाला लिहायचं नाही असं पप्पांनी मला बजावलंय. ते म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं. पण ते पत्र ते शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात, मी धुवायला टाकताना काढून ठेवते, की परत घेतात. मला फक्त कळून घ्यायचंय. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं का?

भाविका घरत


दापोली
१२ सप्टेंबर २०२४

देवजी आणि भाविका,

भाविकाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. मला तसं वाटत नव्हतं.

नाला कधी बांधलाच गेला नाही. नकाशात तो मीच काढला होता, तुळशीरामांनी दाखवलं त्याप्रमाणे. पण उद्घाटनाची तारीख ठरली आणि ठेकेदार मागे पडला. नाल्याला आणखी तीन महिने लागले असते. वरून सांगण्यात आलं, खाडीचा फाटा दगडविटांनी भरून टाका, वर भिंत घ्या आणि काम पूर्ण झाल्याचं लिहा. दोन दिवस मी नाही म्हणालो. त्या महिन्यात बढतीची यादी निघायची होती. तिसऱ्या दिवशी सही केली. माझं नाव यादीत आलं.

वही रद्दीत गेली हे खोटं. ती माझ्या कपाटात आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ती काढून बघितली. फाटा कसा वळतो ते तुळशीरामांना तोंडानं सांगता येईना, म्हणून मी त्यांच्या हातात पेन दिलं होतं. त्यांनी ओढलेली वाकडीतिकडी रेघ त्या पानावर आहे. ते पान समोर ठेवूनच मी तुला लिहिलं की माझ्याकडे कागद नाहीत.

आशुतोष म्हणाला होता, "बाबा, या वयात लिहून काही देऊ नका, कोर्टात उभं करतील." मी त्याच्या आड लपलो. तो म्हणाला नसता, तरी मी लिहून दिलं नसतं. खाऱ्या पाण्यात सळईची काय गत होते हे मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगू? निवृत्तीनंतर सहा वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये हेच शिकवत होतो. तू 'फुगलेल्या सळ्या' असं लिहिलंस, तेव्हाच मला कळलं होतं.

आणि शालनला उन्हात बसू नकोस म्हणून सांग, हे वाक्य मी का लिहिलं? भाविकाचं पत्र आल्यापासून हेच शोधतो आहे. कुणी मला ते विचारलं नव्हतं. तुला लिहून द्यायला नकार दिला होता, त्याची लाज वाटत होती, आणि पत्राचा शेवट गोड व्हावा असं वाटलं. दुसरं कारण सापडत नाही.

काल रिक्षा करून मी एकटा वकिलाकडे गेलो आणि सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. त्याची एक प्रत आणि वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. मूळ वही चौकशी समितीला माझ्या हातानं देणार आहे. आठ ऑक्टोबरची तारीख मिळाली आहे. मी येतोय. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण पंप बंद होते एवढंच सांगून गप्प बसू नकोस. तू निर्दोष आहेस.

मला क्षमा कर, असं लिहिण्याचा मला अधिकार नाही. तरी लिहितो.

श्यामसुंदर


तळखार
१९ जानेवारी २०२५

साहेब,

चौकशीच्या त्या दिवसानंतर तुमची आनखी तीन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाय. आता एकदाच सगळं लिवतो.

आठ ऑक्टोबरला तुमाला बघितलं. काठी टेकत येनारा मानूस तुमीच, हे मला आशुतोषनं 'बाबा' म्हनून तुमचा हात धरला तवा कळलं. साहेब लोक कागदावर प्रश्न लिवून तुमच्यापुढं सरकवत होते आनि तुमी तोंडानं उत्तर देत होतात. तुमाला तुमचा आवाज कळत नसंल. बाहेर व्हरांड्यात शिपायापर्यंत ऐकू येत होतं. "नाला बांधलेला नाही. मी सही केली." त्यांनी परत लिवून विचारलं, तुमी परत तेच. आशुतोष माझ्या शेजारी बाकावर बसला होता. मला वाटलं, हा आता माझ्याशी भांडंल. तो पान्याची बाटली हातात फिरवत राहिला. शेवटी म्हनाला, "काका, मीच त्यांना अडवलं होतं." बापासाठी मुलगा बोलनारच.

मग तुमी म्हनालात, मला जागा बघायचीय. सगळे तुमाला घेऊन स्टेशनात खाली उतरले. कठड्याला धरून एकेक पायरी. तिथं पत्रा ठोकला होता. तुमी माझ्याकडं बघून विचारलंत, "कुठे?" मी बोट दाखवलं. तुमी तिथं खाली बसलात. लोकांना वाटलं, चक्कर आली. पोपट धावला, त्यानं तुमाला उठवलं. मी दोन पावलांवर होतो साहेब. मी हात दिला नाय. तुमच्या लक्षात आलं नसंल म्हनून लिवतो. नाय तर तुमी मला भला मानूस समजत राहाल.

दिवाळीनंतर समितीच्या लोकांनी भिंत उघडली. आत दगड, विटा, सिमेंटच्या फाटक्या गोन्या, आनि मागं काळा चिखल. नाला नाय. बाबांनी ओढलेली रेघ त्यांनी मोठी करून नकाशावर ठेवली, तर बरोबर बसली. समितीचा एक तरुन इंजिनिअर मला म्हनाला, तुमचे वडील सर्व्हेअर होते का? मी म्हनालो, उघाडीवर होते. त्याला कळलं नाय.

माझ्यावरचा ठपका काढला. सस्पेन्शन उठलं तवा रिटायर व्हायला अठरा दिवस होते. मी गेलो, अठरा दिवस पाळी केली. एक जानेवारीपासून स्टेशनला टाळं हाय. गाड्या न थांबता जातात, डब्यातनं लोक मोबाइलवर अंधाराचे फोटो काढतात. लोकांना पुढच्या स्टेशनावरनं रिक्षा करून यावं लागतं, ते शिव्या देतात. दिवे काढले, बाक काढले, पाटी पन उतरवली. पंप मात्र चालू ठेवावे लागतात, नाय तर रूळ बुडतील. ते आता दुसरी कंपनी बघते. चावी देताना मी नव्या मानसाला सांगितलं, पंचांग जवळ ठेव. तो हसला.

भाविका रोज सकाळी त्याच स्टेशनाच्या वरनं चालत रिक्षाला जाते. परवा म्हनाली, "पप्पा, त्या काकांना माफ करून टाका. एवढं म्हातारं मानूस एवढ्या लांब आलं, सगळ्यांसमोर बोललं." ती मनानं चांगली हाय, आईवर गेलीय. मी तिला उत्तर दिलं नाय. तुमाला देतो.

तुमी सगळं खरं लिवलंत, आता मी लिवतो. हे मी चौकशीत सांगितलं नाय, भाविकाला पन माहीत नाय. पानी खारं हाय हे मला ठाऊक होतं. पौर्निमेला वाढतं हे ठाऊक होतं. तीन रविवार चिखल तुडवला आनि नाल्याचं तोंड सापडलं नाय, तवाच मनात आलं होतं की नाला नाय. तुमच्या दुसऱ्या पत्रात 'असावं' असं होतं. साहेब मोजमापाचा मानूस, 'असावं' असं कधी बोलायचे नाय. ते वाचून मला कळलं. तरी मी शालनला उठवलं नाय. फुटपाथवरनं आली की तिचं डोकं फुटायला आलेलं असायचं, आनि आत बसायला लागल्यापासून ती घरी येऊन गप्पा मारायची. मला ते बरं वाटायचं. तुमच्या पहिल्या पत्राचा मला आधार होता. मला तेच ऐकायचं होतं, तुमी ते लिवलंत.

त्या सोमवारी सकाळी मी हौद बघितला. वीतभर नाय, हातभर चढला होता. अकरा वाजता चहा प्यायला मी तिच्याजवळ जाऊन बसलो. पावसामुळं गिऱ्हाईक नव्हतं. मी एकदा वर छताकडं बघितलं. तिच्या ते ध्यानात आलं. तिनं विचारलं, "काय ओ?"

मी म्हनालो, "काय नाय."

तुमी पत्रात लिवलंत, मी तोंडानं बोललो. तुमी दापोलीला होतात, मी तिच्या शेजारी होतो. म्हनून तुमच्या माफीचं मला काय करता येत नाय. तुमाला माफ केलं तर मला स्वतःलाही करावं लागंल. ते माझ्याच्यानं होनार नाय.

गोळ्या वेळेवर घ्या. आशुतोषवर रागावू नका.

देवजी तुळशीराम घरत